एकोणतिसावं गेट

आधीच सांगून टाकते, माझ्या भाचीची शर्यत मला बघवत नाही.

मी भित्री आहे असं मात्र कुणी समजू नये. एकसष्ट वर्षांची बाई मी, नगरपालिकेचा बर्फ काढायचा ट्रॅक्टर चालवते. उणे पंचवीसमध्ये, दरीच्या कडेच्या वळणांवर, समोरचं काही दिसत नसताना रस्ता मोकळा केलाय मी. पण वोरिन, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, डोंगराच्या माथ्यावरून स्की घालून निघाली की माझे डोळे आपोआप मिटतात. ती सहा वर्षांची होती तेव्हापासून हे असंच. तुरिद, तिची आई, हसायची. म्हणायची, "ओडनी, अगं पोर खाली पोचलीसुद्धा, उघड आता डोळे!"

तुम्ही म्हणाल, बघवत नाही तर घरी बस की. तेच तर जमत नाही. आमच्या स्कार्व्हलीच्या क्लबात शर्यत म्हटली की सगळ्यांचं श्रमदान. कुणी वॅफल भाजतं, कुणी गाड्या लावून देतं, कुणी उतारावरचा भुसभुशीत बर्फ बाजूला सारतं. माझ्याकडे तीस वर्षं एकच काम, गेटवरची पंच. स्लॅलमच्या उतारावर पन्नास-साठ दांडे रोवलेले असतात, निळा, लाल, निळा, लाल. प्रत्येक दांड्याला योग्य बाजूने वळसा घालून जायचं. दोन्ही पाय, दोन्ही स्कींची टोकं एकाच बाजूने गेली पाहिजेत. एक टोक आत आणि एक बाहेर, म्हणजे दांडा दोन पायांच्या मधे आला, की खेळाडू बाद. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर होतं. म्हणून दर तीन-चार गेटांमागे एक पंच उभा. त्याच्या हातात कार्ड आणि पेन्सिल. चूक झाली तर कार्डावर खेळाडूचा नंबर लिहायचा, गेटचा नंबर लिहायचा, आणि पाय कुठून गेले त्याचं चित्र काढायचं.

हे काम मी डोळ्यांत तेल घालून करायचे. क्लबात सगळे म्हणायचे, ओडनीच्या गेटवरून माशी गेली तरी तिचा नंबर लिहिला जाईल. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू, भारी अभिमान होता.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. वोरिन चौदा वर्षांची होती. आमच्याच उतारावर निवड शर्यत होती. त्यातून आमच्या भागातली मुलं देशाच्या मोठ्या शर्यतीला जाणार होती. सकाळी पंचांची बैठक भरली. पंचांचा प्रमुख आनफिन. आता तो ऐंशीचा आहे, तेव्हा चौऱ्याहत्तरचा असेल, आणि बोलतो म्हणजे उपकार करतो. तो म्हणाला, "ओडनी, तुझ्या गेटांवरून तुझी भाची जाणार. बदलून घेतेस का जागा?"

"का बदलू?" मी फणकारले. "मी काय नातं बघून निकाल देते?"

तिथेच माझं चुकलं. गप्प बसून वॅफलच्या टपरीवर गेले असते तर आज हे सांगायची वेळ आली नसती.

पहिल्या फेरीत वोरिन सगळ्यात पुढे होती. दुसऱ्या फेरीत पुढे असलेली पोर शेवटी निघते, तशी ती सगळ्यात शेवटी निघाली, आणि मी खाली एकोणतिसाव्या गेटशी कार्ड घेऊन उभी. उताराच्या पलीकडच्या कडेला स्टाइनार उभा होता. त्याची मुलगी दुसऱ्या नंबरावर. तो माझ्याच दिशेने बघत होता. वरून स्कींचा खरखराट जवळ आला, आणि माझे डोळे मिटले.

उघडले तेव्हा एकोणतिसावा दांडा विचित्र हलत होता आणि वोरिन त्याच्या खाली जराशी हेलपाटून सावरत होती. तेवढंच पाहिलं मी. पाय कुठून गेले? देव जाणे. मला माहीत नव्हतं.

नियम साधा आहे. पंचाला शंका असेल तर फायदा खेळाडूचा. हा नियम मीच दर हिवाळ्यात नव्या पालकांना शिकवते. पण स्टाइनार बघत होता ना! माझ्या डोक्यात आलं, त्याने पाहिलं असणार. आता मी लिहिलं नाही तर उद्या दुकानात, चर्चमध्ये, पेट्रोल पंपावर सगळे म्हणणार, बघा, भाचीला सोडलं. माझी इतक्या वर्षांची इज्जत एका मिनिटात मातीत. मी पेन्सिल काढली, नंबर लिहिला, आणि न पाहिलेल्या पायांचं चित्र काढलं.

वोरिनच्या कोचने तक्रार केली. पंचमंडळाने मला बोलावलं. आनफिनने विचारलं, "खात्री आहे?"

"आहे," मी म्हणाले.

पोर समोर उभी होती, लालबुंद चेहरा, हेल्मेट काखेत. "मावशी, मी दांड्याच्या बाहेरूनच गेले गं. मला पायाला कळतं ना!"

आणि मी काय म्हणाले असेन? आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "बाळा, चूक मान्य करण्यात कमीपणा नसतो."

ती बाद झाली. स्टाइनारची मुलगी गेली मोठ्या शर्यतीला. आणि मला काय मिळालं, तर कौतुक. लोक पाठ थोपटायचे. "ओडनी म्हणजे ओडनी. सख्ख्या भाचीलाही सोडलं नाही." मी मान खाली घालायचे, त्यांना वाटायचं नम्रपणा.

वोरिन काही तिथे थांबली नाही. त्या घरात जिद्दीला तोटा नाही. स्कीच्या शाळेत गेली, राष्ट्रीय संघाच्या तरुण गटात शिरली, ऑस्ट्रियात, इटलीत जाऊन शर्यती करून आली. बारावी, चौदावी, अकरावी. कधी पहिल्या दहात नाही. घरी आली की माझ्याकडे बटाट्याचे गोळे खायला यायची, ट्रॅक्टरवर बसायची, माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवायची. त्या दिवसाबद्दल कधी एक शब्द नाही. मी मनाशी म्हणायचे, विसरली पोर. लहान होती.

यंदा मार्चमध्ये मोसमातल्या शेवटच्या दोन शर्यती आमच्या स्कार्व्हलीला होत्या, शनिवारी एक, रविवारी एक. गुरुवारी दुपारी मी क्लबाच्या खोलीत कॉफी पीत बसले होते, तर होवार आला. हा वोरिनचा आताचा कोच. ट्रोम्सोकडचा, उत्तरेचा माणूस, शिव्या दिल्याशिवाय ज्याचं वाक्य पुरं होत नाही.

"काय रे, तोंड का पाडलंस?" मी विचारलं.

"तुझ्या भाचीमुळे." त्याने फोन पुढे धरला. "हे बघ. ही बाकीच्या पोरींची चाल. दांड्याला नडगी घासून जातात. आता हिला बघ."

व्हिडिओत मला बघता येतं, कारण शेवट माहीत असतो. वोरिन सुंदर वळत होती. पण प्रत्येक दांड्यापाशी तिच्या पायात आणि दांड्यात जागा होती, वीतभर.

"दिसलं?" होवार म्हणाला. "प्रत्येक गेटला एक वीत. साठ गेटं म्हणजे साठ विती जास्त. ताकद आहे, तंत्र आहे, हिंमत तर भलतीच आहे, आणि ही बया सगळं त्या वितींत घालवते. तीन वर्षं घसा फोडतोय मी. रविवारनंतर पुढच्या मोसमाची यादी ठरणार. दोन शर्यतींपैकी एकीत तरी तिने खरा वेग दाखवला नाही, तर संघातून नाव कटलं. विसाव्या वर्षी बाहेर पडलं की परत कोण घेतो?"

"पण ती असं का करते?"

"विचारलं की. शंभरदा विचारलं." त्याने फोन खिशात टाकला. "म्हणते, कुणाला शंकाच यायला नको, म्हणून."

माझ्या हातातली कॉफी तशीच राहिली. होवार आणखी काहीबाही बडबडत होता, मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. सहा वर्षं मी समजत होते की एक शर्यत गेली तिची. एक शर्यत कसली! माझं ते चित्र ती पोर प्रत्येक गेटला सोबत घेऊन फिरत होती.

रात्रभर तळमळले. सांगायचं, तर तिचा माझ्यावरचा विश्वास उडणार, माझी ती एकच पोर, मला स्वतःचं मूल नाही. नाही सांगायचं, तर रविवारनंतर ती संघाबाहेर घरी बसणार आणि कारण फक्त मला माहीत असणार. शुक्रवारी दुपारी ट्रॅक्टर तुरिदच्या अंगणात लावला आणि तळघरात उतरले. वोरिन तिथे स्कींच्या कडांना कानस मारत होती.

"आलीस? ट्रॅक्टरने दारातला गुलाब चिरडला नाहीस ना परत?" ती म्हणाली, वर न बघता.

"वोरिन, मी पाहिलं नव्हतं."

"काय पाहिलं नव्हतं?"

"तुझे पाय. एकोणतिसाव्या गेटला. मी डोळे मिटले होते. स्टाइनार बघत होता, मला लोकांची भीती वाटली, म्हणून लिहिलं. खात्री आहे म्हणाले ते खोटं होतं."

कानस थांबली. मग परत सुरू झाली, तीच कड, परत परत, आधीच धार लावलेली. मी उभीच. माझ्या बुटांचा बर्फ वितळून फरशीवर तळं झालं.

"मला वाटायला लागलं होतं," ती शेवटी बोलली, "की माझ्याच पायाला कळलं नसेल. तू म्हणालीस ना, मान्य कर. ओडनी मावशी म्हणते म्हणजे खरंच असणार. मग मी रात्री पडून ते वळण आठवायची. आधी पाय बाहेरून जायचा. मग आठवून आठवून आतून जायला लागला. शेवटी मला खरं काय तेच कळेना." तिने कानस खाली ठेवली. "तेव्हापासून मला माझ्या पायांचं काही खरं वाटत नाही. आणि तू सहा वर्षं माझ्यासमोर बसून बटाट्याचे गोळे खात होतीस?"

"हो."

"जा मावशी."

"अगं, ऐक तरी..."

"जा म्हणते ना! नाहीतर ही कानस फेकून मारीन."

गेले. तुरिद जिन्यावर उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. तिने मला कोट दिला आणि दार लावून घेतलं.

शनिवारी सकाळी पंचांच्या बैठकीत मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. डोळे मिटले होते, खोटं चित्र काढलं, खोटी खात्री दिली. आता मला गेटवर उभं करू नका. कुणी खोकलं, कुणी खिडकीबाहेर बघितलं. स्टाइनारही बसला होता, माझ्याच क्लबातला ना तो. मी त्याच्याकडे वळले. "तू बघत होतास म्हणून घाबरले मी. तुला तरी दिसलं होतं का काय झालं ते?"

"मी?" स्टाइनारने डोकं खाजवलं. "मी तेव्हा संत्रं सोलत होतो. माझी पोर खाली पोचली होती ना, मग मी कशाला बघू?"

संत्रं! माझ्या भाचीची सहा वर्षं एका संत्र्यापायी गेली. मला हसावं की रडावं कळेना, आणि मी रडले. सगळ्यांसमोर, नाक ओढत, थांबताच येईना.

आनफिनने वाट पाहिली. मग कार्डांचा गठ्ठा पुढे सरकवला. "सहा वर्षांपूर्वीचा निकाल बदलत नाही. आज चार माणसं कमी आहेत, दोघं तापाने पडलेत. तू सत्तावीस ते तीस. डोळे उघडे ठेव."

"पण आनफिन, वोरिनसुद्धा धावणार आहे आज."

"म्हणूनच म्हणतोय, डोळे उघडे ठेव."

म्हणजे परत एकोणतीस. ऊन लख्ख होतं, बर्फ काचेसारखा कडक. मी जागेवर जाऊन उभी राहिले, कार्ड हातमोज्यात, पेन्सिल दातांत. वोरिनचा नंबर चौदा. सकाळी उतार बघून घ्यायला सगळ्या पोरी आडव्या घसरत खाली आल्या, तीही आली. एकोणतिसाव्या दांड्यापाशी थांबली, त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही, आणि पुढे गेली.

तेरा नंबर गेली, काही चूक नाही. वर भोंग्यावर चौदा नंबर पुकारला. पापण्या जड व्हायला लागल्या, सवयच ती, सहा वर्षांच्या वोरिनपासूनची. मी स्वतःला मोठ्याने शिवी दिली, होवारला शोभेल अशी. पलीकडचा एक बाप दचकून बघायला लागला. बघू दे मेल्याला.

भोंग्यावरचा माणूस ओरडला, "मधल्या वेळेला चौदा नंबर पुढे, आठ दशांश सेकंदांनी!" आठ? मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग ती दिसली. दांडे फटाफट आडवे पडून परत उभे राहत होते. वीत नव्हती! नडगी दांड्याला, नडगी दांड्याला, प्रत्येक गेटला फाट असा आवाज. सत्तावीस. अठ्ठावीस. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वाऱ्याने म्हणा नाहीतर कशाने, पण मी पापणी पाडली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या भाचीला धावताना पाहिलं.

एकोणतिसाव्याला डाव्या स्कीचं टोक दांड्याच्या आत गेलं. दोन बोटं, जास्त नाही. उजवं बाहेरून. दांडा तिच्या पायांमधून सपकन गेला.

मला स्वच्छ दिसलं. पाहिलं नसतं तर बरं, असंही क्षणभर वाटलं, खोटं बोलत नाही. पण वोरिन तिसावं गेट घ्यायला गेलीच नाही. कुणी काही म्हणायच्या आत तिने स्की आडव्या टाकल्या, बर्फाचा फवारा उडाला, आणि ती थांबली. मग सरकत उताराच्या कडेला आली आणि आडवी पावलं टाकत, धापा टाकत, वर माझ्यापाशी चढली. चष्मा वर केला. चेहरा लालबुंद, तसाच.

"पाहिलंस?" तिने विचारलं.

"पाहिलं."

"कुठला पाय?"

"डावा. दोन बोटं आत."

दोघी उभ्या होतो, पंधरा नंबर आमच्या समोरून गेली, तिचंही मी पाहिलं, कामच ते माझं. मग वोरिन म्हणाली, "डावाच. मला लागलीच कळलं, मावशी. दांडा आत आला आणि पायाला कळलं. असंच असतं ते. त्या दिवशी असं काही झालंच नव्हतं."

"नव्हतं झालं, बाळा."

"मी बाहेरूनच गेले होते."

"बाहेरूनच गेली होतीस."

तिने नाक पुसलं हातमोज्याने. मी हात पुढे केला तर मागे सरली. "लाडात येऊ नकोस. मी माफ केलेलं नाही."

"मी मागितली पण नाही."

"मग माग की! तेवढंही शिकवायचं का आता तुला?"

"माफ कर मला, वोरिन."

"बघू," ती म्हणाली.

तेवढ्यात वरून होवार भरधाव आला, दोन्ही काठ्या हवेत. "आठ दशांश! अरे आठ!" बाद झालेल्या पोरीसाठी एवढा नाचणारा कोच मी दुसरा पाहिला नाही. "त्या पोरींना आठ दशांशांनी धूळ चारत होतीस तू! उद्या दोन बोटं बाहेर राहा, बास, फक्त दोन बोटं. वीत नको!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काय जादू केलीस गं म्हातारे?"

"म्हातारी असेल तुझी आजी," मी म्हणाले. "चल सरक, सोळा नंबर येतेय."

तो वोरिनला घेऊन निघाला. चार पावलं गेल्यावर ती थांबली आणि वळली.

"उद्या कुठे असशील तू?"

"आनफिनला सांगून जागा बदलून घेते. वॅफलच्या टपरीवर जाते. तुला त्रास नको."

"काही गरज नाही. इथेच उभी राहा."

"वोरिन..."

"इथेच. उद्या मी बाहेरून जाणार आहे, आणि ते तू पाहायचंस." मग खाली बघत म्हणाली, "आणि आता ते कार्ड लिही. चित्र नीट काढ. मागच्या वेळी माझे पाय बदकासारखे काढले होतेस."

सोळा नंबर येऊन गेली. मी दातांतली पेन्सिल काढली. नंबर चौदा, गेट एकोणतीस. मग दोन पाय काढले आणि मधे दांडा. जपून काढले, तरी पाय बदकासारखेच आले.